बंब पालिकेचा, स्वयंसेवक युद्धाचा : मुंबईतील स्वयंसेवी अग्निशमनाचा प्रारंभकाळ

आगीशी लढण्यासाठी नागरिकांनी आपण होऊन संघटना उभारावी, आपला नायक आपणच निवडावा आणि घंटा वाजताच हातातले काम टाकून धावावे, ही प्रथा जगाच्या अनेक भागांत फार जुनी आहे. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या सोबत्यांनी १७३६ मध्ये 'युनियन फायर कंपनी' स्थापन केली. जर्मन भाषक प्रदेशांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून गावोगाव स्वयंसेवी अग्निशमन दले निघाली, त्यांचे प्रांतिक संघ झाले आणि आजही तेथील अग्निशमनाचा मोठा भार तीच दले वाहतात. मुंबईच्या इतिहासात मात्र असा संघ शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. या शहराने आगी पुष्कळ पाहिल्या, त्यांच्याशी झुंजणारे शूर लोकही पाहिले. पण अग्निशमनाचा स्वयंसेवक येथे आगीच्या अनुभवातून जन्मला नाही. तो युद्धाच्या भीतीतून, सरकारी आदेशाने जन्मला, आणि त्याच्या पुढच्या वाटचालीवर या जन्माची छाप कायम राहिली. गिरगाव, परळ, लालबाग आणि दादर या भागांचा या दृष्टीने विचार केल्यास असे का झाले, याचा बराच उलगडा होतो.

मुंबईच्या अग्निशमनाची कथा साधारणपणे १७ फेब्रुवारी १८०३ च्या आगीपासून सांगितली जाते. किल्ल्याच्या तटबंदीच्या आतील बाजारात लागलेल्या या आगीने दाटीवाटीच्या वस्तीचा मोठा भाग गिळला. विझवण्याचे काम प्रामुख्याने सैनिकांनी आणि बंदरातील गलबतांवरच्या खलाशांनी केले, आणि शेवटी मधली घरे पाडून आगीची वाट तोडावी लागली. त्या काळात पाणी विहिरींतून आणि तलावांतून ओढावे लागे. विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले ते १८६० मध्ये. त्यामुळे आग विझवणे याचा अर्थ तोवर बहुतेक वेळा पाणी मारणे असा नसून आगीला खाद्य मिळू न देणे असा होता. जोनाथन डंकन हा त्या वेळी गव्हर्नर होता. आगीनंतर किल्ल्यातील गर्दी कमी करण्याचे धोरण पुढे आले आणि तटाबाहेरच्या वस्तीला जोर चढला. काळबादेवी, मांडवी, गिरगाव या भागांची पुढची वाढ त्या आगीशी अशी जोडलेली आहे. एवढ्या मोठ्या संकटानंतरही शहरात नागरिकांची अग्निशमन संस्था निघाली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढे जे घडले ते पोलिसांच्या छत्राखाली घडले. १८५५ मध्ये घोड्यांनी ओढायचे बंब घेऊन एक दल उभे राहिले. बंब म्हणजे पाणी दाबाने फेकणारे यंत्र आणि ते वाहून नेणारी गाडी, असा दुहेरी अर्थ मराठीत रूढ झाला आणि त्यावरूनच हे काम करणारे लोक बोलीत 'बंबवाले' झाले. हे दल पोलीस कमिशनरच्या हाताखाली होते आणि आग विझवणे हे पोलिसांच्या अनेक कामांपैकी एक, फावल्या वेळेचे काम होते. फ्रँक साऊटर १८६४ मध्ये पोलीस कमिशनर झाले, तो काळ अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आलेल्या कापसाच्या तेजीचा होता. गोदामे, गिरण्या आणि माणसे यांची शहरात एकदम भर पडली आणि नियमित दलाची गरज भासू लागली. १८६५ च्या सुमारास खर्चाचा काही वाटा नगरपालिकेवर आला. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने आगीपासून जीविताचे आणि मालमत्तेचे रक्षण करणे हे महानगरपालिकेचे कर्तव्य ठरवले, आणि १८९० मध्ये लंडनच्या अग्निशमन दलातील डब्ल्यू. निकोल्स हे पहिले मुख्य अधिकारी म्हणून आले. दलाचा अधिकृत स्थापनादिन १ एप्रिल १८८७ असा मानला जातो. पोलिसी काम, पालिकेचा पैसा आणि व्यावसायिक नेतृत्व यांपैकी कशाला आरंभ म्हणावे यावर ही तारीख पुढेमागे सरकू शकते, परंतु कोणताही टप्पा धरला तरी त्यात नागरिकांच्या संघटनेला जागा नव्हती.

दुसरी बाजू विम्याची आणि गिरण्यांची. परळ, लालबाग, चिंचपोकळी, दादर या पट्ट्यातील कापडगिरण्यांत आगीचा धोका रोजचाच होता. कापसाच्या गाठी फोडून रुई पिंजणाऱ्या, तिच्यातील केरकचरा झाडणाऱ्या 'ब्लो रूम' या खात्यात गाठीसोबत आलेला लोखंडाचा एखादा तुकडा यंत्राच्या दात्यांवर आपटून ठिणगी उडवी आणि हवेत तरंगणाऱ्या तंतूंना ती पुरेशी होई. गिरण्यांच्या इमारतींना चिकटून उभे असलेले जिन्यांचे उंच मनोरे आजही काही ठिकाणी दिसतात. त्यांच्या माथ्यावरच्या टाक्या छतातील नळ्यांना पाणी पुरवण्यासाठी होत्या; या नळ्यांच्या तोंडाशी उष्णतेने वितळणारी गुडदी बसवलेली असे आणि ती वितळली की पाण्याचा फवारा आपोआप सुटे. अशी व्यवस्था असलेल्या गिरणीला विम्याचा हप्ता कमी पडे. मोठ्या गिरण्यांनी आपापली अग्निशमन पथकेही राखली. त्यांतील कामगार शिकवलेले आणि तरबेज होते, पण त्यांची बांधिलकी गिरणीच्या मालाशी होती, गिरणीसमोरच्या चाळीशी नव्हती. आगीचे शिक्षण घेतलेले कामगार एकाच वस्तीत राहत असूनही त्यांची वस्तीपुरती संघटना झाली नाही, हे तसे पाहिले तर आश्चर्यच.

याचे कारण मालकीच्या रचनेत शोधावे लागते. अमेरिकेतील किंवा जर्मनीतील स्वयंसेवी दले छोट्या गावांत निघाली, आणि तेथील सभासद सामान्यतः स्वतःच्या घराचे, दुकानाचे, कोठाराचे मालक होते; शेजाऱ्याचे घर पेटले तर आपलेही जाणार, हा हिशेब त्यांच्या संघटनेच्या मुळाशी होता. लालबाग-परळच्या चाळीत राहणारा गिरणी कामगार कोकणातून किंवा घाटावरून आलेला, बहुधा एकटा, एका खोलीत अनेकांसोबत राहणारा भाडेकरू होता. इमारत घरमालकाची, विमा त्याचा, बंब पालिकेचा. कामगाराचे स्वतःचे म्हणावे असे जे काही होते ते एका ट्रंकेत मावत होते आणि आग लागताच ती ट्रंक घेऊन खाली उतरणे हेच त्याच्या दृष्टीने शहाणपण होते. गिरगावच्या वाड्यांतील मध्यमवर्गीय भाडेकरूची स्थिती थोडी वेगळी असली तरी मूळ प्रश्न तोच होता. तेथील इमारतींच्या तुळया, जिने, गॅलऱ्यांचे कठडे लाकडी होते, वर कौलारू छप्पर होते, आणि एकमेव जिना पेटला तर वरच्या मजल्यांवरची माणसे अडकत. असे असूनही गिरगावात गणेशोत्सवाची मंडळे निघाली, व्यायामशाळा निघाल्या, वाचनालये निघाली, नाट्यसंस्था निघाल्या. अग्निशमनाचे मंडळ निघाले नाही. संघटनकौशल्याची वाण होती, असे म्हणण्याला म्हणूनच आधार नाही.

स्वयंसेवकांच्या संघटनांकडे सरकार कोणत्या नजरेने पाहत होते, हेही येथे विचारात घ्यावे लागते. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत 'व्हॉलंटियर' म्हणून ओळखली जाणारी पथके प्रामुख्याने युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांची होती आणि त्यांचे काम बंदूक चालवण्याचे होते. पुढे काँग्रेसच्या अधिवेशनांतून एतद्देशीय स्वयंसेवक दिसू लागले. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्त्यांत शिक्षणाचे आणि समाजसेवेचे काम उभे केले. असहकाराच्या काळात १९२१ च्या अखेरीस अनेक प्रांतांच्या सरकारांनी स्वयंसेवक संघटना बेकायदा ठरवल्या, आणि १९२३ मध्ये ना. सु. हर्डीकरांच्या पुढाकाराने निघालेल्या हिंदुस्तानी सेवा दलालाही पुढे बंदीला तोंड द्यावे लागले. गणवेश घालून, शिट्टीवर रांगेत उभे राहणारे एतद्देशीय तरुण, मग ते कशासाठी का उभे असेनात, सत्तेला खुपत होते. अशा वातावरणात पेटत्या घराकडे शिस्तीने धावणारे दल उभारायला सरकार उत्तेजन देईल, ही अपेक्षाच चुकीची ठरली असती. जे दल सरकारला हवे होते ते पगारी, मोजके आणि हुकमात राहणारे होते. १९०७ मध्ये मुंबईत मोटारीचा पहिला बंब आला आणि पुढे घोडे निवृत्त झाले, तशी त्या दलाची पगारी, व्यावसायिक घडण अधिकच पक्की झाली.

दादरची गोष्ट या पार्श्वभूमीवर निराळी आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, म्हणजे शहर सुधारण्यासाठी कायद्याने नेमलेल्या विश्वस्त मंडळाने, दादर-माटुंग्याची वसाहत आखली. रुंद रस्ते, इमारतींच्या सभोवती मोकळी जागा, मजल्यांवर मर्यादा ही त्या आखणीची लक्षणे होती. हेतू हवा-उजेडाचा आणि रोगराई टाळण्याचा होता. तथापि दोन इमारतींमधली मोकळी जागा आगीलाही अडवते, हा लाभ आपोआप पदरात पडला. पुढे शिवाजी पार्कच्या परिसरात सिमेंट-काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या, जिने दगडी किंवा काँक्रीटचे झाले, आणि गिरगावातून दादरला बिऱ्हाड हलवणारा कारकून, शिक्षक, वकील नकळत लाकडाच्या मुंबईतून काँक्रीटच्या मुंबईत आला. ज्या वस्तीत आगीची भीती तुलनेने कमी होती त्याच वस्तीत पुढे अग्निशमनाचे स्वयंसेवक मिळणे अधिक सोपे झाले, हा या इतिहासातला एक विरोधाभास आहे.

दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. ब्रिटनमध्ये १९३७ च्या हवाई हल्ला संरक्षण कायद्यानंतर १९३८ पासून 'ऑक्झिलरी फायर सर्व्हिस', म्हणजे नियमित दलाला जोड देणारी पूरक अग्निसेवा, स्वयंसेवकांमधून उभारली गेली होती, आणि लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत तिची परीक्षा झाली होती. हाच नमुना हिंदुस्थानात आला. 'एअर रेड प्रिकॉशन्स', बोलीत नुसते 'ए.आर.पी.', या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रणेत वॉर्डन, प्रथमोपचार, बचाव आणि पूरक अग्निशमन अशा शाखा होत्या. १९४१ च्या अखेरीस केंद्र सरकारने नागरी संरक्षणाचे स्वतंत्र खाते काढले. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला, त्याच महिन्यात रंगूनवर बॉम्ब पडले, फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोलंबो, विशाखापट्टण आणि काकीनाडा यांच्यावर हल्ले झाले. मुंबईत काळोख पाळण्याचे हुकूम निघाले, गिरणीच्या भोंग्याला सरावलेल्या कानांना धोक्याचा भोंगा वेगळा ओळखायला शिकावे लागले, आणि कितीएक कुटुंबांनी बायकामुलांना कोकणात, देशावर रवाना केले.

या यंत्रणेतील अग्निशमनाचा पाया एका साध्या अवजारावर रचलेला होता. 'स्टिरप पंप' हा हातपंप पाण्याने भरलेल्या बादलीत उभा करायचा. त्याला जोडलेला पायटा बादलीबाहेर जमिनीवर टेकलेला असे आणि त्यावर पाय रोवून पंप मारायचा. त्याला सुमारे तीस फुटांची रबरी नळी असे. काम तिघांचे होते : एक नळीचे तोंड धरून, धुरात श्वास घेता यावा म्हणून जमिनीलगत पालथा पडून पुढे सरके, दुसरा पंप मारी आणि तिसरा बादल्या भरून आणी. तोंडाला दोन प्रकारचे पाणी सोडता येई. मॅग्नेशियमच्या आगलाव्या बॉम्बवर एकदम धार मारली तर तो फुटून ठिणग्या उडवतो, म्हणून त्यावर फवारा. आणि त्याच्यामुळे पेटलेल्या लाकूडसामानावर मात्र धार. जवळ वाळूच्या बादल्या ठेवायच्या, कारण वाळूने बॉम्ब दाबून ठेवून नंतर फावड्याने उचलून बाहेर नेता येई. ही सगळी रीत स्वयंपाकघरातील माणसांनाही शिकण्याजोगी होती आणि तिच्या रचनेमागचा विचारच तो होता : एका हल्ल्यात शेकडो ठिकाणी आगी लागल्या तर पालिकेचे बंब कुठे कुठे पुरणार? पहिल्या काही मिनिटांत घरातल्याच लोकांनी आग आवरली पाहिजे. मुंबईत प्रथमच आग विझवणे हे शेजाऱ्यांचे काम म्हणून मांडले गेले ते असे.

वॉर्डन ही या रचनेतील कळीची व्यक्ती होती. ठरावीक गल्ल्यांतील घरांची आणि माणसांची माहिती राखणे, उजेड बाहेर दिसत असेल तर दार ठोठावणे, बॉम्ब कुठे पडला याची वर्दी केंद्राला देणे ही त्याची कामे. हे काम बहुतांशी बिनपगारी, फावल्या वेळेचे होते, आणि त्यासाठी वर्दी लिहिता येणारा, संध्याकाळनंतर घरी असणारा, शेजारपाजारी वजन असलेला माणूस हवा होता. दादरच्या कार्यालयीन नोकरदारात अशी माणसे होती. परळ-लालबागचा कामगार रात्रपाळीला जाणारा, त्याच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे, आणि त्याच्या वस्तीची गर्दी अशी की वाळूची बादली ठेवायलाही गॅलरीत जागा नाही. जेथे आग सर्वांत घातक ठरली असती तेथेच ही योजना सर्वांत लंगडी होती.

राजकारणानेही तिला अडचणीत टाकले. लोकांनी स्वतःच्या रक्षणासाठी स्वतः सज्ज व्हावे, अशी काँग्रेसची १९४२ च्या आरंभीची भूमिका होती. सरकारच्या हुकमतीखाली जाण्याचा प्रश्न मात्र नाजूक होता. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकच्या मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच परिसरात अश्रुधूर आणि लाठीमार सुरू झाला. शेजाऱ्याचे घर वाचवणे यात कोणाचीच हरकत नव्हती, पण सरकारी बिल्ला दंडावर बांधणे ही त्या दिवसांत साधी गोष्ट राहिली नाही.

मुंबईवर जपानी बॉम्ब पडलेच नाहीत. ज्या आपत्तीने या यंत्रणेची परीक्षा घेतली ती १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये घडली. 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर सुमारे १,४०० टन दारूगोळा होता, आणि कराचीत त्याच्यावर कापसाच्या गाठी, तेलाची पिंपे आणि लाकूड चढवले गेले होते. एकाच जहाजात हा माल एकत्र ठेवणे किती धोक्याचे होते ते सांगायला नको. दुपारी आग दिसली. बंब धक्क्यावर आले, जहाजात शेकडो टन पाणी सोडले गेले, पण आगीचे मूळ सापडले नाही. चारच्या सुमारास, नेमके ४ वाजून ६ मिनिटांनी, पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून भयंकर. धक्क्यावर आणि जहाजावर पाणी मारत असलेले जवान जागीच गेले. अग्निशमन दलाच्या ६६ जवानांना मृत्यू आला. मांडवी-मशीद बंदर भागातील वखारी आणि घरे पेटली, जळत्या कापसाच्या गाठी दूरवर उडून पडल्या आणि नव्या आगी लागत गेल्या. एकूण मृतांचे आकडे ८०० ते १,३०० असे वेगवेगळे दिले जातात. आगीवर ताबा मिळवायला सुमारे तीन दिवस लागले.

या दिवसांत ए.आर.पी.चे लोक जखमींना काढण्यात, रुग्णवाहिकांवर आणि बेघरांच्या व्यवस्थेत राबले, आणि लष्कराच्या तुकड्यांसह ढिगारे उपसण्यात होते. शत्रूच्या विमानांसाठी तयार केलेली यंत्रणा आपल्याच गोदीतील निष्काळजीपणावर खर्ची पडली. तरी स्टिरप पंपाचा हिशेब या प्रसंगाला लागू नव्हता. तो शंभर लहान आगींसाठी होता, आणि येथे एकच प्रचंड आग होती. व्यावसायिक दलाचे महत्त्व त्या एका दुपारने असे ठसवले की १४ एप्रिल ही तारीख देशभर अग्निशमन सेवा सप्ताहाच्या आरंभाची म्हणून पाळली जाऊ लागली. स्वयंसेवकांच्या वाट्याला अशी तारीख आली नाही. युद्ध संपताच ए.आर.पी.ची यंत्रणा आवरण्यात आली, पंप आणि शिरस्त्राणे भांडारात गेली, आणि दोन-तीन वर्षे घरोघर शिकवलेले ज्ञान ज्याच्या त्याच्या आठवणीत उरले. एखादी कायम संस्था मागे न राहणे, हे या काळाचे सर्वांत मोठे अपयश मानावे लागेल.

पोकळी फार काळ राहिली नाही, पण ती भरली दंगलीने. १९४६ च्या सप्टेंबरपासून मुंबईत जातीय दंगली भडकल्या आणि जाळपोळ हे त्यांचे नित्याचे शस्त्र होते. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात गृहखाते सांभाळणाऱ्या मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात होमगार्ड, म्हणजेच गृहरक्षक दल, स्थापन झाले आणि १९४७ च्या कायद्याने त्याला वैधानिक रूप आले. हे दल स्वयंसेवकांचे होते. नोकरी-धंदा सांभाळून कवायत करणारे, पोलिसांना मदत करणारे आणि आग, पूर यांसारख्या संकटांत हजर होणारे नागरिक अशी त्याची कल्पना होती, आणि पुढे इतर राज्यांनीही हा नमुना उचलला. पोलिसांपासून वेगळे होऊन अग्निशमन दल पालिकेकडे गेले होते. स्वयंसेवक मात्र पुन्हा पोलिसांच्याच शेजारी येऊन उभा राहिला. १९४८ मध्ये म. ग. प्रधान हे पगारी दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले, त्या सुमारास शहरात आगीशी संबंध असलेल्या दोन संस्था शेजारी शेजारी होत्या. त्यांतील एकीचा तो धर्म होता, दुसरीच्या अनेक कर्तव्यांपैकी ते एक होते.

१९५७ पासून नागपूर या विषयाचे राष्ट्रीय केंद्र बनले. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय रामपूरहून तेथे आले आणि आपत्कालीन साहाय्याचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही त्याच वर्षी तेथेच स्थापन झाली. तिचे नाव पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाले. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर आणि १९६५ च्या युद्धात ए.आर.पी.ची जुनी चौकट धूळ झटकून बाहेर काढली गेली, मुंबईत पुन्हा काळोख पाळला गेला, खिडक्यांच्या काचांवर कागद चिकटले, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा झाला. १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्याने या चौकटीला कायम रूप दिले. तिच्या बारा सेवांमध्ये वॉर्डन आणि अग्निशमन या स्वतंत्र सेवा होत्या, आणि १९७१ च्या डिसेंबरातील रात्रींना दादरच्या गल्ल्यांतून 'लाइट बंद करा' अशी हाक देत फिरणारा वॉर्डन हा १९४२ च्या वॉर्डनचा सरळ वारस होता. त्याच कायद्यानुसार नागरी संरक्षण दलातील सभासदाची नेमणूक राज्य सरकारने नेमलेला नियंत्रक करतो, त्याला हजर राहण्याचा हुकूम देतो आणि दलातून काढूनही टाकू शकतो. सभासदांनी आपला नायक निवडावा, अशी तरतूद त्यात नाही.